बाराखडीपुरती मास्तरीण

अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविल्यानंतर एखाद्या विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाने आपली गाळण उडावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पण माझी उडाली खरी! गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. तास संपवून मी बाहेर पडत होते. व्हरांड्यात पावसाचे पाणी साचलेले. दाराशी एक काळासावळा, उंच मुलगा अंग चोरून उभा होता. ढाणकीकडून रोज एस.टी.ने येणारा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि कधी तोंड उघडायचा नाही.

"मॅडम, गझल कशी लिहितात, ते शिकवाल का?"

गझलेचा इतिहास विचारला असता तर मी उभ्याउभ्या अर्धा तास बोलले असते. गझलेची लक्षणे, मराठी गझलेचे टप्पे, परीक्षेत येणारे प्रश्न, सारे माझ्या जिभेवर होते. पण हा पोरगा विचारत होता, कशी लिहितात! मी शिक्षकांच्या नेहमीच्या चोरवाटेने सटकले. म्हटले, "अरे, खूप वाच. मनन कर. आपोआप सुचेल." त्याने मान डोलावली आणि तो गेला. त्याच्या पाठीकडे पाहताना मात्र मला कळून चुकले, की आपण याला काहीच दिले नाही. तहानलेल्याला विहिरीचा पत्ता सांगावा आणि दोर मात्र आपल्याच घरात ठेवावा, तसे झाले होते.

आता माझी चोरी सांगून टाकते. पंचविशीत असताना मीही गझला लिहीत होते. एक वहीच भरली होती. धीर करून त्यांतली बरीशी एक गझल मी एका जाणत्या गृहस्थांकडे धाडली. पंधरा दिवसांनी कागद परत आला. खाली तांबड्या शाईत दोन वाक्ये होती : 'वजन बरोबर आहे. बाकी काही नाही.' मी तो कागद वहीत घातला आणि वही ट्रंकेत. पुढे लग्न झाले, नोकरी लागली, मुले झाली. ट्रंक माझ्याबरोबर उमरखेडला आली. वही काही बाहेर आली नाही. जिला स्वतःला साधले नाही, तिने दुसऱ्याला काय शिकवावे? पोहता न येणाऱ्याने पैनगंगेच्या काठावर पोहण्याचा क्लास काढण्यासारखेच ते!

आणि उमरखेड म्हणजे काही पुणे-मुंबई नव्हे. येथे कापूस, सोयाबीन, हळद यांच्या भावाची चर्चा चालते. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग गावावरून जातो आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली, की नांदेड जिल्हा लागतो. पण एक गोष्ट मला येथे आल्यापासून जाणवत आली आहे. ही नदी नुसती जिल्ह्याची शीव नाही. १९४८ पर्यंत तिच्या पलीकडच्या काठावर निजामाचे राज्य होते आणि अलीकडे वऱ्हाड. त्यामुळे आमच्या बाजारात वऱ्हाडी, मराठवाडी, बंजारा आणि उर्दू अशा चार बोली एकाच तराजूत तोलल्या जातात. गझलेला लागणारा कान येथल्या पोरांना जन्मतःच मिळालेला असतो. नसते ते त्या कानावर विश्वास ठेवायला सांगणारे कोणी.

तो मुलगा पुन्हा काही विचारायला आला नाही. पण त्याचा प्रश्न माझ्या घरी राहायला आला. भाजी निवडताना, पेपर तपासताना तो समोर उभा राही. शेवटी एका रात्री मी यजमानांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "अगं, मग शिकव ना!"

"अहो, शिकव काय? मला कुठे लिहिता येते?"

सासूबाई कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण तरुणपणी त्यांनी गल्लीतल्या दहापंधरा मुलींना शिवण शिकविले होते. त्यांपैकी दोघींनी पुढे त्यावर संसार चालविला. मी सहज विचारले, "आत्याबाई, तुम्हांला शिवण कोणी शिकवलं होतं हो?"

"कोणी नाही. जुनं झबलं उसवलं, न् कसं जोडलं ते पाह्यलं."

"मग एवढ्याशा भांडवलावर शिकवायची भीती नाही वाटली?"

त्यांनी वात जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडे अशा पाहिल्या, जणू मी मीठ खारट का, असे विचारले होते. "मले झबलं येत होतं, झबलं शिकवलं. कोट येत नव्हता, तो नाही शिकवला. त्यात भ्यायचं काय?"

वाचकहो, साहित्यशास्त्रावरचे पुष्कळ ग्रंथ मी चाळले आहेत. पण अध्यापनाचे इतके नेमके सूत्र मला एकाही ग्रंथात सापडले नाही.

त्या रात्री मी कपाट उघडले आणि सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' पुन्हा हातात घेतली. पूर्वी ती अभ्यासक म्हणून वाचली होती. या वेळी ती भ्यालेल्या शिक्षिकेच्या डोळ्यांनी वाचली, आणि ती निराळीच दिसली. भट आमच्याच विदर्भातले. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला जन्मले. लहानपणी पोलिओने एक पाय कायमचा अधू केला. बी.ए.च्या परीक्षेत अपयश पचवून १९५५ साली ते पदवीधर झाले, आणि उमेदीच्या काळात खेड्यांतून शाळामास्तरकी केली. 'रूपगंधा' १९६१ साली आली, 'रंग माझा वेगळा' १९७४ साली आणि 'एल्गार' १९८३ साली. आकड्यांकडे नीट पाहिले, की पहिल्या आणि दुसऱ्या संग्रहामधली तेरा वर्षे डोळ्यांत भरतात. ज्याला आपण गझलसम्राट म्हणतो, त्यालाही फळ धरायला एवढा काळ लागला होता.

पण मला अधिक हलविले ते त्या छोट्या लेखनाच्या नावाने. सारा महाराष्ट्र ज्याची गाणी म्हणत होता, अशा कवीने नवशिक्यांसाठी लिहायला घेतले, तेव्हा त्याला 'गझलेचे रहस्य' किंवा 'गझलमीमांसा' असे भारदस्त नाव दिले नाही. बाराखडी म्हटले! मतला म्हणजे काय, काफिया कोणता, रदीफ कोणती, वृत्त कसे सांभाळायचे, एवढेच त्यात समजावून सांगितले आहे. ती बाराखडी त्यांनी होतकरू कवींना पाठविली, पत्रांतून त्यांच्या चुका दाखविल्या. आज मराठीत गझल लिहिणाऱ्यांची जी फळी दिसते, तिच्यातल्या कितीतरी जणांनी पहिली अक्षरे त्याच पाटीवर गिरविली आहेत. २००३ साली भट नागपुरात वारले. पाटी मागे राहिली.

त्यांच्याही आधी माधव ज्यूलियनांनी हे काम केले होते. फारसीचे प्राध्यापक असलेल्या या कवीने गझल मराठीत आणली आणि १९३३ साली 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. पण तेवढ्यावर न थांबता 'छंदोरचना' लिहून मराठी वृत्तांचा हिशेब मांडून ठेवला. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्या ग्रंथासाठी त्यांना डी.लिट. दिली. उर्दूत तर शिकविण्याला 'इस्लाह' हा खास शब्दच आहे. उस्तादाने शागिर्दाची ओळ दुरुस्त करून द्यायची. गालिबची पत्रे वाचा. शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिताना तो घरची गाऱ्हाणी सांगतो, थट्टा करतो आणि मध्येच शेरातला एखादा शब्द बदलायला सांगतो. म्हणजे कविता ही आभाळातून पडणारी वस्तू आहे, शिकवून येत नाही, हे आपण मास्तर लोकच म्हणत बसलो. ज्यांना ती खरोखर येत होती, ते मात्र बसून शिकवीत होते!

मी ठरविले. कोट मला येत नाही, झबले येते. ते शिकवायचे.

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घराच्या ओसरीवर, फी नाही, असा कागद मी फलकावर लावला. सतरंजी अंथरली, खडूचा डबा आणला. सासूबाईंनी न सांगता वीस जणांचा चहा टाकला. दहा वाजले. सव्वादहा वाजले. साडेदहाला तिघे आले : ढाणकीचा तो मुलगा, नदीकाठच्या गावातली एक चुणचुणीत मुलगी आणि दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, आता बी.ए.ला असलेली एक विद्यार्थिनी. उरलेला सतरा जणांचा चहा गल्लीने प्यायला.

मी सुरुवात केली ती लघुगुरूपासून. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. ऱ्हस्वावर अनुस्वार आला किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात आला, तर तेही गुरू. लघूला 'ल' म्हणायचे, गुरूला 'गा'. शाळेत सगळ्यांनी 'यमाताराजभानसलगा' घोकलेले असते आणि परीक्षा संपताच विसरलेले असते. मी म्हटले, "गण विसरा. मनाचे श्लोक ज्या ठेक्यात म्हणतो, तो ठेका हाताने धरा." तिघांनी गुडघ्यावर थाप धरली : लगागा लगागा लगागा लगागा. "हे भुजंगप्रयात. समर्थांनी सारे मनाचे श्लोक याच वृत्तात घातले आहेत."

तोच उर्दू शाळेतली मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, हे तर फऊलुन, फऊलुन, फऊलुन, फऊलुन झालं! आमचे दादाजी यालाच मुतकारिब म्हणतात."

खरेच होते ते. संस्कृतातला 'य' गण आणि अरबी-फारसीतला 'फऊलुन' यांचे वजन एकच. फिर्दौसीचा 'शाहनामा' याच ठेक्याने चालतो. शेवटच्या पावलात एक अक्षर तेवढे कमी. मी हे पुस्तकात वाचले होते. पण रामदास आणि फिर्दौसी आपल्या ओसरीवर एका सतरंजीवर येऊन बसतील, असे काही मला वाटले नव्हते. त्या दिवशी शिकविले मी एक आणि शिकले दोन.

दुसऱ्या रविवारी काफिया आणि रदीफ. ओळीच्या शेवटी जसाच्या तसा पुन्हा येतो तो शब्द रदीफ. त्याच्या आधीचा यमकाचा शब्द काफिया. आणि त्या यमकात जो स्वर बदलून चालत नाही, ती अलामत. पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या दोन्ही ओळींत ही जोडी पाळायची. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. शिवाय प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे. नियम म्हणाल तर एवढे. कागदाच्या एका पाठीवर मावतील.

तिसऱ्या रविवारी मात्र प्रसंग ओढवला. नदीकाठची ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची एखादी गझल दाखवा ना."

तीच वेळ टाळण्यासाठी मी वीस वर्षे घालविली होती! क्षणभर 'नंतर पाहू' हे शब्द ओठांवर आले. मग सासूबाईंचे उसवलेले झबले आठवले. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि वही आणून त्यांच्यापुढे टाकली. तांबड्या शाईच्या शेऱ्यासकट. म्हटले, "ही उसवा. काय चुकले, ते मला सांगा."

पोरे आधी बिचकली. मग वही फिरू लागली. माझे काफिये होते यामिनी, कामिनी, सौदामिनी! ढाणकीचा मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, सौदामिनी म्हणजे वीजच ना?"

"हो."

"तुम्ही कधी म्हणता का सौदामिनी? आमच्याकडं वीज पडते, मॅडम. गेल्या साली बैल गेला काकाचा."

जे त्या जाणत्या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगूनही मला उमगले नव्हते, ते त्या मुलाने बैलाच्या जिवावर समजावून दिले. माझे शब्द शब्दकोशातून आले होते; शिवारातून नव्हे. वजन बरोबर होते. बाकी खरोखरच काही नव्हते. पण गंमत अशी, की हे कळल्यावर मला वाईट वाटले नाही. इतकी वर्षे जी वही माझ्या नालायकीचा दाखला म्हणून मी लपविली होती, तीच त्या दिवशी आमच्या वर्गाचे सर्वांत उपयोगी पाठ्यपुस्तक ठरली. ज्याला पहिल्या झटक्यात साधले, त्याला चुकीची जागा दाखविता येईलच असे नाही. ठेचकाळलेल्याला दगड कुठे आहे, ते नक्की ठाऊक असते.

मग मी त्यांना काम दिले. भुजंगप्रयात, काफिया 'आरा'चा, रदीफ 'कुणाचा'. शब्द मात्र घरातले, शेतातले, रस्त्यावरचे. नदीकाठच्या मुलीने पुढच्या रविवारी मतला आणला :

नदीला विचारा किनारा कुणाचा
पुराच्या दिशी हा पसारा कुणाचा

पुराच्या पाण्याबरोबर कुणाचा पाट, कुणाची टोपली, कुणाच्या दाराची फळी काठाला येऊन लागते. माल कुणाचा, ते कोणालाच ठाऊक नसते. ते तिने लहानपणापासून पाहिले होते. मी फळ्यावर एकेक अक्षर फोडले. बारा आणि बारा. एकही घसरले नाही.

ढाणकीच्या मुलाने कागद पुढे केला, पण वाचायला तयार होईना. मीच वाचला. पहिली ओळ बरोबर होती. दुसरी होती : 'उभे शेत आमचे, उतारा कुणाचा'. ऐकायला ठेका चुकत नव्हता, पण मोजायला गेले तर अक्षरे तेरा. आपण बोलताना 'आम्चे' म्हणतो, म्हणून कानाला दोन अक्षरे लागतात. लिहिलेला शब्द तीन अक्षरी, गा-ल-गा असा. मी त्याला ते दाखविले. एवढे मला येत होते; हेच माझे झबले! तो म्हणाला, "मग काय करू?" मी म्हटले, "ते मला नाही सांगता येणार. लगागा सांभाळ आणि तुझा तू शब्द शोध."

तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला. बोटांवर थापा मोजीत होता. दहा मिनिटांनी त्याने एक शब्द खोडला आणि या वेळी स्वतःच वाचले :

घरी बाप बोले न काही कुणाशी
उभे शेत माझे, उतारा कुणाचा

कोणी काही बोलले नाही. आत सासूबाईंची कपबशांची खुडबुड चालली होती, तीही थांबली. 'आमचे'चे 'माझे' झाले होते. अक्षर कमी झाले म्हणून बदललेला शब्द. पण त्या एका बदलाने ओळ मुलाच्या तोंडून काढून बापाच्या मनात नेऊन ठेवली होती. न बोलणारा बाप मनात काय म्हणत असेल, ते आता ऐकू येत होते. मागाहून त्याने सांगितले, की सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढला आहे आणि दोन महिन्यांपासून वडील घरात कोणाशी बोलत नाहीत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कर्ता पुरुष असा गप्प झाला, की घरातल्यांना रात्री झोप लागत नाही. त्याचे कारण महाराष्ट्राला निराळे सांगायला नको.

"वडिलांना वाचून दाखव," मी म्हटले. म्हटले खरे, पण तो गेल्यावर माझेच मन खाऊ लागले. आपण कवितेच्या भरात भलताच सल्ला तर दिला नाही ना?

पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा मी डोळ्यांनीच विचारले. तो म्हणाला, "वाचली, मॅडम. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून सातबारा काढून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, वाच. मग दोघांनी मिळून हिशेब केला."

कर्ज त्या शेराने फिटले नाही, हे मला कळते. कवितेने कोणाचा बोजा उतरल्याचे मी ऐकलेले नाही. पण घरातले मौन तेवढे उतरले.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेले. सतरंजीवर कधी नऊ असतात, कधी चौदा. त्यांतला कोणी मोठा कवी होईल की नाही, कोण जाणे! ते शिकविणे माझ्या हातात नाही आणि तसे मी कोणाला सांगतही नाही. वृत्त शिकविता येते, काफिया शिकविता येतो, फसलेली ओळ कुठे फसली, ते दाखविता येते. बैल गेल्याचे दुःख शिकविता येत नाही. ते पोर घरून घेऊनच येते. पण दोर हाती नसला, तर ते विहिरीतच राहते. मग दोर देणाऱ्याने स्वतः किती पाणी काढले, याचा हिशेब कोण मागतो?

आणि हे काही गझलेपुरतेच नाही. तुमच्या शेजारीही कोणाला पेटीवर चार गाणी वाजविता येत असतील, कोणाला ठिपक्यांच्या रांगोळ्या येत असतील, कोणाचे अक्षर मोत्यासारखे असेल. त्यांना विचाराल, तर ते म्हणतील, "छे हो, मला कुठे नीटसे येते?" त्यांना माझ्या सासूबाईंचे उत्तर सांगा. जेवढे येते, तेवढे शिकवावे. येत नाही, ते येत नाही म्हणावे. भीती उरते ती कोटाची, झबल्याची नव्हे.

माझी वही अजून आहे. सौदामिनी खोडली आहे. तिच्या जागी अद्याप काही सुचलेले नाही. हे लिहीत असताना ओसरीवरून आवाज येतो आहे. ढाणकीचा मुलगा नव्या पोरांना बसवून लघुगुरू शिकवितो आहे. कोणीतरी त्याला विचारले, "दादा, तुझी गझल छापून आली का रे?"

"नाही."

"मग तू कसं शिकवतो?"

मी लेखणी थांबवून कान दिला. तो जराही न अडखळता म्हणाला, "मला 'आमचे'त तीन अक्षरं आहेत, हे येतं. ते शिकवतो. धर ठेका!"